एका द्राक्षवर्षाची पारख

मे महिन्यात चेन्नईचा पारा सामान्यतः ३७-३८ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. काही दिवशी तो चाळिशीही ओलांडतो. सायंकाळी समुद्रावरून वारा येतो खरा. परंतु भिंतींनी दिवसभर साठवलेली उष्णता खोलीला तिशीच्या खाली सहजासहजी उतरू देत नाही. अशा शहरात परदेशातून आलेल्या एखाद्या आप्ताकडून फ्रान्समधील उंची लाल वाइनची बाटली भेट म्हणून मिळते. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला घ्यावी’ हे वचन घरातील कोणीतरी कोठेतरी ऐकलेले असते. मग ती बाटली बैठकीच्या खोलीतील काचेच्या कपाटात दिमाखाने उभी केली जाते आणि एखाद्या मंगल प्रसंगाची वाट पाहत तेथेच काही वर्षे राहते.

ते वचन ज्या खोलीला उद्देशून होते, ती मात्र चेन्नईची नव्हे. विजेची उपकरणे येण्यापूर्वीच्या फ्रान्समधील जाड दगडी भिंतींच्या घरात १६ ते १८ अंशांची जी खोली असे, तिच्यासाठी तो सल्ला होता. तळघरातील थंड बाटली जेवणापूर्वी थोडा वेळ वर आणून ठेवावी, एवढाच त्याचा मर्यादित अर्थ. स्थळ बदलले, तरी शब्द तेच राहिले आणि त्या शब्दांपायी अनेक मौल्यवान बाटल्यांचे मोल नकळत नाहीसे झाले.

उत्तम लाल वाइनची पारख म्हणजे श्रीमंतांचे कौतुक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तीत मूल्यमापनाचे एक शिस्तबद्ध शास्त्र आहे. द्राक्षे ज्या वर्षी पिकली ते वर्ष, बाटलीत त्या वर्षाचे झालेले जतन आणि पेल्यात उतरल्यावर त्याची होणारी परीक्षा, या तीन गोष्टींवर ते उभे आहे. चेन्नईसारख्या उष्ण शहरात यांपैकी मधली गोष्ट, म्हणजे जतन, सर्वांत निर्णायक ठरते.

मद्रासची ‘लाल शराब’

बोर्दोची लाल वाइन आणि मद्रास यांचा परिचय जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात फोर्ट सेंट जॉर्जमधील गोऱ्या अंमलदारांच्या भोजनात ‘क्लॅरेट’, म्हणजे बोर्दोची लाल वाइन, प्रतिष्ठेची मानली जाई. हिंदुस्थानातील नोकरचाकर तिला ‘लाल शराब’ म्हणत आणि साहेबांच्या तोंडी त्याचे ‘लोल श्रॉब’ झाले. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या शब्दाची नोंद आहे. त्या कोशाचे एक कर्ते आर्थर बर्नेल हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. तंजावरच्या भोसले राजांच्या ग्रंथसंग्रहातील संस्कृत हस्तलिखितांची सूची करणारे विद्वान ते हेच.

त्या काळी मदेरा या पोर्तुगीज बेटाची वाइनही जहाजांतून पूर्वेकडे येई. या बेटाच्या नावाचे आपल्या ‘मदिरा’ शब्दाशी असलेले साम्य केवळ योगायोगाचे आहे. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ ‘लाकूड’ असा होतो. उष्ण कटिबंधातून महिनोन्‌महिने प्रवास केलेली मदेरा वाइन अधिक चवदार होते, असे व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले. पुढे त्या बेटावर वाइन मुद्दाम तापवण्याची पद्धतच रूढ झाली. बोर्दोच्या वाइनचा पिंड मात्र वेगळा आहे. मदेराला जे तापणे मानवते, ते क्लॅरेटला मानवत नाही. मद्रासला उष्णतेवर उपाय शोधणे भागच होते. १८४२ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर उभारलेल्या ‘आइस हाउस’मध्ये अमेरिकेतील गोठलेल्या तलावांचा बर्फ जहाजाने आणून साठवला जाई. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम झाल्यामुळे ती वास्तू आज ‘विवेकानंदर इल्लम’ म्हणून ओळखली जाते.

याच सुमारास बोर्दोच्या सेंतेस्तेफ गावी लुई गास्पार देस्तुर्नेल नावाचा एक मनस्वी जमीनदार होता. १७९१ मध्ये वारशाने मिळालेल्या द्राक्षमळ्यांतून त्याने ‘कोस देस्तुर्नेल’ ही वाइन नावारूपास आणली आणि ती हिंदुस्थानपर्यंत पाठवली. न विकली गेलेली पिंपे परत आली, तेव्हा सागरप्रवासाने वाइन अधिक मुरली आहे असे त्यास वाटले, अशी कथा सांगतात. अशा वाइनवर तो ‘हिंदुस्थानहून परतलेली’ अशी खूण करी. आपल्या मद्यशाळेवर त्याने पूर्वेकडील देवळांच्या धर्तीचे मनोरे उभारले, ते आजही तेथे आहेत. ‘सेंतेस्तेफचा महाराजा’ हे नाव त्याला त्यावरूनच पडले. त्याच्या या उद्योगाचा शेवट पुढे येईलच.

वर्ष कशास म्हणावे

बाटलीवर छापलेले वर्ष हे वाइन बाटलीत भरल्याचे नव्हे, तर द्राक्षे तोडल्याचे असते. यालाच ‘व्हिंटेज’, म्हणजेच द्राक्षवर्ष म्हणतात. बोर्दोमध्ये जूनच्या सुमारास वेलीला फुलोरा येतो, ऑगस्टमध्ये मणी रंग धरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. फुलोऱ्यात पाऊस झाला, तर फळधारणा घटते. उन्हाळा थंड गेला, तर साल व बी कच्ची राहते. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला, तर मणी पाण्याने फुगून रस पातळ होतो आणि बुरशी लागते. नाशिक-सांगलीच्या बागायतदारास यांतील कोणतीही गोष्ट नव्याने सांगावी लागणार नाही. आपल्याकडे छाटणी वर्षातून दोनदा होते आणि तोडणी प्रामुख्याने जानेवारी ते मार्च या काळात येते. परंतु अवकाळी पावसाची एक रात्र वर्षाचा हिशेब कसा फिरवते, हे त्याने स्वतःच्या बागेत पाहिलेले असते.

तीन वर्षांची तुलना केल्यास हे स्पष्ट होईल. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात भीषण उष्णतेची लाट आली. बोर्दोमधील तोडणी नेहमीपेक्षा बरीच लवकर झाली. द्राक्षांत साखर अधिक आणि आम्लता कमी राहिली. अनेक मळ्यांच्या वाइन जड झाल्या आणि लवकर थकल्या. सेंतेस्तेफमधील काही मळ्यांची वाइन मात्र उत्कृष्ट उतरली, कारण तेथील जमिनीतील चिकणमातीने ओल धरून ठेवली होती. २००५ हे वर्षही कोरडे होते, परंतु त्यात उष्णतेचा अतिरेक नव्हता. साखर, आम्लता व तुरटपणा यांचा तोल साधल्यामुळे ते श्रेष्ठ वर्षांत गणले गेले. २०१३ मध्ये थंड, ओला वसंत आणि तोडणीच्या वेळची बुरशी यांमुळे वाइन पातळ झाल्या.

यावरून हे दिसते की, ‘चांगले वर्ष’ हे केवळ सरासरीचे विधान आहे. वाईट वर्षातही चांगला मळा असतो आणि चांगल्या वर्षातही निष्काळजी मळा असतो. वर्ष पाहून अंदाज बांधता येतो. निर्णय मात्र पेला समोर आल्यावरच देता येतो.

डोळा, नाक, जीभ

परीक्षणाची पद्धत साधी आहे. आत वळलेल्या काठाच्या पारदर्शक पेल्यात वाइन एक तृतीयांशाहून कमी ओततात. प्रथम पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहतात. कोवळ्या लाल वाइनची कड जांभळट असते. वय वाढते, तशी ती माणकासारखी, नंतर डाळिंबी आणि अखेरीस विटकरी होत जाते. दहा वर्षांची उत्तम वाइन जर वीस वर्षांची दिसत असेल, तर तिने कोठेतरी उष्णता सोसली आहे, अशी पहिली शंका येथेच घ्यावी.

त्यानंतर नाक. पेला न हलवता एकदा आणि हलकेच फिरवून दुसऱ्यांदा वास घेतात. परदेशी पुस्तकांत ज्या फळांची नावे येतात, ती आपल्या बाजारात सहसा दिसत नाहीत. त्यामुळे वाचक संकोचतो आणि आपल्याला वास ओळखता येत नाहीत, असे मानतो. हा संकोच अनाठायी आहे. पिकले जांभूळ, करवंद, तुती, आलुबुखार, देवदाराचे लाकूड, तंबाखूची चंची, पहिल्या पावसाने भिजलेली माती, हे सारे वास मराठी माणसाच्या स्मरणात आहेत आणि बोर्दोच्या लाल वाइनमध्ये त्यांच्या जवळचे वास सापडतात. चेन्नईकराकडे तर आणखी एक पुंजी आहे. मैलापूरच्या गल्लीत भाजल्या जाणाऱ्या कॉफीच्या वासावरून ती किती भाजली आहे, हे सांगणारी माणसे तेथे घरोघरी आढळतात. ओकच्या पिंपांची आतली बाजू विस्तवावर भाजतात आणि त्यातून वाइनमध्ये तशाच भाजक्या कॉफीचा गंध उतरतो.

शेवटी जीभ. येथे आपल्या परंपरेतील षड्रसांची संकल्पना मोलाची ठरते. लाल वाइनचा कणा जो ‘टॅनिन’, तो म्हणजे आपला कषाय रस. कच्चे केळे, सुपारी, आवळा किंवा दाट कोरा चहा घेतल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते, तोच हा तुरटपणा. टॅनिन लाळेतील प्रथिनांशी बांधले जाते आणि तोंड कोरडे पडते. चहात दूध घातले की तो मऊ लागतो, कारण टॅनिन दुधातील प्रथिनांशी बांधले जाते. मटणाबरोबर लाल वाइन सौम्य लागते, तीही याच कारणाने. मात्र चेट्टिनाड पद्धतीच्या झणझणीत रश्श्याबरोबर मिरचीचा दाह आणि वाइनचा तुरटपणा एकमेकांस वाढवतात. अशा जेवणासोबत तुरट, उंची बाटली उघडणे म्हणजे दोहोंवर अन्याय करणे होय.

तुरट, आंबट, फळांचा गोडवा आणि मद्यार्काची ऊब यांपैकी कोणतेही एक वरचढ नसणे, याला तोल म्हणतात. घोट गेल्यावर चव किती वेळ टिकते, ती तिची लांबी. फ्रेंच परीक्षक ही लांबी ‘कोदाली’त मोजतात, एक कोदाली म्हणजे एक सेकंद. तोल, लांबी, गंधाची तीव्रता आणि त्यातील विविधता या चार गोष्टी टिपून मग ही वाइन आज घ्यावी की आणखी काही वर्षे ठेवावी, याचा निर्णय करतात. व्यावसायिक परीक्षक घोट गिळत नाहीत. तोंडात घोळवून तो थुंकीपात्रात टाकतात. एका बैठकीत अनेक नमुने तपासावयाचे असतात आणि शेवटच्या नमुन्यालाही पहिल्याइतकाच न्याय मिळावा लागतो.

लेबल झाकल्यावर

परीक्षकाचा मोठा शत्रू म्हणजे त्याची पूर्वकल्पना. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात ५४ जणांना एक पांढरी वाइन गंधहीन रंगाने लाल करून देण्यात आली. हे सर्व जण मद्यशास्त्राचे विद्यार्थी होते, तरीही त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला फसवले होते. त्यापूर्वी २४ मे १९७६ रोजी इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्पुरिए यांनी पॅरिसमध्ये लेबले झाकून एक परीक्षण घडवून आणले होते. परीक्षक फ्रेंच आणि नामांकित होते. लाल वाइनमध्ये त्यांच्या एकत्रित गुणांनी पहिली आली ती कॅलिफोर्नियाची १९७३ ची वाइन. बोर्दोच्या विख्यात मळ्यांचा क्रमांक तिच्यामागे लागला.

म्हणून जाणकारांच्या बैठकीत बाटल्या कापडात गुंडाळून आणतात. प्रत्येकाने आपले मत आधी कागदावर उतरवायचे आणि नंतरच बोलायचे, असा दंडक असतो. भारताच्या पहिल्या ‘मास्टर ऑफ वाइन’ सोनल हॉलंड यांनी २०१६ मध्ये ही पदवी मिळवली. त्या परीक्षेतही उमेदवारापुढे लेबल नसलेले पेले ठेवून वाण, प्रदेश व दर्जा यांविषयी सकारण उत्तर मागितले जाते. येथे उत्तराइतकेच कारणालाही गुण असतात.

जतन : खरी कसोटी

आता कपाटातल्या त्या बाटलीकडे परत येऊ. द्राक्षवर्ष उत्तम होते आणि मळाही नामांकित होता. परंतु उन्हाळ्यामागून उन्हाळे काढताना आतील द्रव उष्णतेने प्रसरण पावला, बूच किंचित वर सरकले आणि रात्री द्रव आकुंचन पावताना हवा आत शिरली. बाटली उभी असल्यामुळे बूच आतून कोरडे पडून आकसले, ते वेगळेच. अशी वाइन उघडल्यावर ताज्या जांभळाऐवजी शिजवलेल्या फळाचा, मोरंब्यासारखा वास येतो आणि चव मध्येच तुटते. पारखी माणूस त्यात वर्षाचे गुण शोधू लागला, तरी ते सापडणार नाहीत.

आंब्याची अढी ज्याने पाहिली आहे, त्यास हे सहज पटेल. गवतात सावकाश पिकलेला हापूस आणि घाईने उष्णता देऊन पिवळा केलेला फळबाजारातील आंबा, हे दिसायला सारखे असले, तरी एकाच्या सालीखाली रस असतो व दुसऱ्याच्या सालीखाली आंबट गर. वाइनलाही १२ ते १४ अंशांच्या अंधाऱ्या, दमट जागी आडवे पडून सावकाश वय वाढवावे लागते. देस्तुर्नेलच्या काळातील नवी, अतितुरट, पिंपातील वाइन जहाजावरच्या उष्णतेने कदाचित मऊ वाटली असेल. परंतु बाटलीत वर्षानुवर्षे जपायच्या वाइनसाठी ती रीत उपयोगाची नाही.

चेन्नईतील घरात करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. वाइनसाठी असलेले स्थिर तापमानाचे छोटे शीतकपाट हा उत्तम उपाय. ते नसेल, तर साधी बाटली काही आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. उंची बाटली मात्र साठवण्याचा मोह टाळून लवकर उघडावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती काही तासही विसरू नये. उघडण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून पेल्यात १६ ते १८ अंशांना ओतावी. जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ असतो. तो दोष नव्हे; बाटली एक दिवस उभी ठेवून वाइन हळूच दुसऱ्या पात्रात निवळून घ्यावी. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कोंदट तळघराचा वास आला, तर तो बुचातून उतरलेल्या एका रसायनाचा दोष असतो. त्यावर घरी उपाय नाही.

मोल आणि किंमत

१८५५ मध्ये पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मेदोक भागातील प्रमुख मळ्यांची पाच वर्गांत प्रतवारी केली. तिचा आधार प्रामुख्याने त्या काळचे बाजारभाव हा होता. त्या प्रतवारीत वर्गबढती मिळाल्याचा एकच प्रसंग म्हणजे १९७३ मधील मुतों रोत्शिल्ड या मळ्याचा. आजही भाव तिच्या छायेत ठरतात.

बोर्दोमध्ये वाइन पिंपात असतानाच, तोडणीनंतरच्या वसंतात, तिची आगाऊ विक्री होते. ग्राहक आज पैसे मोजतो आणि बाटली सुमारे दोन वर्षांनी हाती येते. १९८२ च्या वाइनविषयी काही जाणकार साशंक असताना अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ते मत खरे ठरले आणि आरंभी खरेदी करणाऱ्यांना मोठा लाभ झाला. याउलट २००९ व २०१० या वर्षांच्या वाइन अत्युच्च भावाने विकल्या गेल्या. त्यामागे चीनमधील मागणीचा मोठा वाटा होता. २०११ च्या मध्यानंतर बाजार उतरला, तेव्हा उत्तम वाइन विकत घेऊनही अनेक गुंतवणूकदार दीर्घकाळ तोट्यात राहिले. वाइनचा दर्जा घसरला नव्हता. दिलेली किंमत अवास्तव होती. अशा खरेदीला बँकेतील ठेवीप्रमाणे विम्याचे संरक्षण नसते, हेही ध्यानी ठेवावे.

भारतात या किमतीवर कराचा बोजा पडतो. आयात वाइनवरील सीमाशुल्क २००७ नंतर दीर्घकाळ १५० टक्क्यांच्या घरात राहिले. तमिळनाडूत मद्याची किरकोळ विक्री २००३ पासून ‘टासमॅक’ या शासकीय महामंडळाकडे असून, परवानाधारक हॉटेले व क्लब येथेही ती मिळते. त्यामुळे चेन्नईत मोजलेल्या रुपयांतील मोठा भाग वाइनच्या गुणांसाठी नसतोच. म्हणूनच दुकानातील बाटली कोठे व कशी साठवली होती, हे विचारण्याचा ग्राहकाचा हक्क अधिकच महत्त्वाचा ठरतो. बुचावरील वेष्टनाखाली ओघळ दिसला किंवा बूच वर आलेले जाणवले, तर ती बाटली नम्रपणे परत करावी.

मद्य आरोग्यास हितकर आहे, असा याचा अर्थ नव्हे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. पारखी माणूस घोट मोजून घेतो आणि बरेचदा तोही थुंकून टाकतो.

राहिली ती ‘सेंतेस्तेफच्या महाराजा’ची हकीकत. मळे वाढवण्याच्या आणि मनोरे उभारण्याच्या हौसेपायी देस्तुर्नेल कर्जात बुडाला. १८५२ मध्ये त्याला आपली सारी मालमत्ता लंडनच्या एका बँकरला विकावी लागली. नव्या धन्याने त्यास तेथेच राहू दिले. परंतु पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, त्याचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी झालेल्या प्रतवारीत त्याच्या वाइनला दुसऱ्या वर्गाचे मानाचे स्थान मिळाले. त्याची पारख खोटी नव्हती. मात्र वाइनला मुरायला जेवढा अवधी लागतो, तेवढा अवधी त्याच्या कर्जाने त्याला दिला नाही.

चेन्नईतील कपाटातली बाटली आजच खाली उतरवावी, आडवी करून थंड जागी ठेवावी आणि येत्या पोंगलला, हवा सुखद असताना, चार जाणत्या माणसांसमवेत उघडावी. लेबल कापडाने झाकावे, प्रत्येकास एक कोरा कागद द्यावा आणि कोणीही बोलण्यापूर्वी कडेचा रंग पाहून घ्यावा.